लॅपटॉपच्या बॅटरीची झीज व तिचे निदान

लॅपटॉपमधील लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते तशीच ती नुसता काळ लोटल्यानेही झिजते. ग्रॅफाइटच्या अग्रावर (इलेक्ट्रोडवर) साचत जाणारा थर चार्ज वाहून नेणारे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. त्यामुळे साठवणक्षमता घटते आणि अंतर्गत रोधही, म्हणजे बॅटरीच्या आत विद्युतप्रवाहाला होणारा अडथळाही, वाढतो. उष्णता आणि दीर्घकाळ १०० टक्के चार्जवर राहणे या दोन गोष्टी ही प्रक्रिया वेगाने पुढे नेतात. म्हणूनच सदैव चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपची बॅटरी, फारशी न वापरताही, निकामी होऊ शकते.

चार्ज लवकर संपतो एवढ्यावरून बॅटरीच खराब झाली असे ठरवणे घाईचे होय. ५० वॅट-तासांची बॅटरी १० वॅट खर्चात सुमारे ५ तास चालते, तर २५ वॅट खर्चात २ तासांतच संपते, आणि पार्श्वभूमीला अडकून राहिलेला एखादा प्रोग्रॅम खर्च एवढा सहज वाढवतो. त्यामुळे प्रथम पूर्ण चार्जची सध्याची क्षमता मूळ क्षमतेशी ताडून पाहावी. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने तयार होणाऱ्या बॅटरी-अहवालात हे दोन्ही आकडे मिळतात. मॅकमध्ये चार्ज-चक्रांची (पूर्ण क्षमतेइतका चार्ज वापरला गेला की एक चक्र) संख्या व बॅटरीची स्थिती प्रणालीच्या माहितीत दिसते. मूळ ५० पैकी ४५ वॅट-तास शिल्लक असतील, तर दोष बहुधा बॅटरीत नसून वीजखर्चात शोधावा लागतो. ३० च उरले असतील, तर सेटिंगमधील फेरफारांनी गेलेली क्षमता परत येत नाही.

तिसरी शक्यता मापनातील चुकीची असते. उरलेला चार्ज थेट मोजला जात नाही. आत-बाहेर गेलेल्या विद्युतप्रवाहाच्या हिशेबावरून त्याचा अंदाज बांधला जातो आणि हा हिशेब कालांतराने चुकत जातो. उरलेला चार्ज दाखवणारा दर्शक ३० टक्के दाखवत असताना यंत्र अचानक बंद पडत असेल, तर एकदा पूर्ण चार्ज करून, यंत्र आपोआप बंद होईपर्यंत वापरून, पुन्हा पूर्ण चार्ज करावे. याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्याने बॅटरी सुधारते हा समज चुकीचा आहे. सुधारतो तो दर्शक. त्यानंतरही, विशेषतः जड काम सुरू होताच, यंत्र बंद पडत असेल, तर वाढलेल्या रोधामुळे किंवा एखाद्या दुबळ्या सेलमुळे व्होल्टेज कोसळत असण्याची शक्यता अधिक असते व बॅटरी बदलणे हाच उपाय उरतो.

नव्या बॅटरीसाठी, बहुतेक वेळ चार्जरवर काम होत असल्यास, अनेक उत्पादकांनी दिलेली ८० टक्क्यांची चार्ज-मर्यादा लावणे हितावह ठरते.

टचपॅड दबेनासा होणे, कीबोर्ड वर उचलला जाणे किंवा झाकण नीट न मिटणे ही बॅटरी फुगल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी कोणत्याही चाचणीत वेळ न दवडता चार्जर काढावा, यंत्र बंद करावे आणि बॅटरी दाबू किंवा टोचू नये. ती पेट घेऊ शकते. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावी.