जीव ओतणं आणि पाट्या टाकणं

‘तुम्ही काम आवडतं म्हणून करता की पगारासाठी?’ या प्रश्नाचं उत्तर माणूस बहुधा विचारणारा कोण आहे ते बघून देतो. मुलाखतीत आवड पुढे येते, महिनाअखेरीला पगार. दोन्ही वेळा तो खोटं बोलत नसतो, पण त्या उत्तरावर विज्ञान उभं राहत नाही. म्हणून संशोधकांनी माणसांचं बोलणं बाजूला ठेवलं आणि वागणं मोजलं. त्यासाठी दोन टोकाच्या परिस्थिती फार उपयोगी पडल्या. एकीत पगाराची गरज अचानक कमी होते, दुसरीत कामच हातातून जातं.

पहिलीसाठी लॉटरीसारखं साधन नाही. श्रीमंत आणि गरीब माणसांच्या कामाची नुसती तुलना केली तर शिक्षण, घराणं, तब्येत असे दहा फरक मध्ये येतात. लॉटरीत एकाच प्रकारची तिकिटं घेणाऱ्या दोघांत फरक उरतो तो फक्त नशिबाचा. स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांच्या कमाईच्या सरकारी नोंदी तपासणारा मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. विजेत्यांची वर्षाची करपूर्व कमाई बक्षिसाच्या रकमेच्या साधारण १.१ टक्क्याने घटली होती. म्हणजे दहा लाख क्रोनर जिंकणाऱ्याची कमाई वर्षाला अकरा हजार क्रोनरच्या आसपास कमी झाली. ही घट लगेच दिसली आणि पुढेही टिकली, पण ती बेताची होती. बहुतेक जण कामावर जातच राहिले.

दुसरं टोक ऑस्ट्रियातलं, व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावातलं. सगळं गाव एका कापड कारखान्यावर जगत होतं आणि १९२९-३० मध्ये तो बंद पडला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे संशोधक १९३१ मध्ये तिथे पोहोचले. बेकारभत्त्यावर लोक कसेबसे जगत होते. वेळ मात्र भरपूर होता, तेव्हा वाचनालयात गर्दी असेल असं वाटावं. झालं उलटं. वर्गणी माफ करूनही पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. संशोधकांनी खिडकीआडून मुख्य रस्त्यावरच्या माणसांचा चालण्याचा वेग मोजला आणि कोण किती वेळा रेंगाळतं ते टिपलं. पुरुष संथ चालत होते, सारखे थांबत होते. बहुतेकांनी जवळ घड्याळ बाळगणंही सोडलं होतं. बायका मात्र झपझप चालत होत्या, कारण कारखाना बंद झाला तरी चूल, धुणं आणि मुलं बंद झाली नव्हती.

याहोडा यांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराबरोबर आणखी पाच गोष्टी न सांगता देते: दिवसाला वेळेची चौकट, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, सगळ्यांनी मिळून काही करण्यातला सहभाग, समाजातली ओळख आणि हातापायांना नेमाने काम. या पाचांतलं काहीही पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही. नावडत्या नोकरीतूनही ते मिळतं. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत माणूस खचतो तेव्हा घरचे ‘पेन्शन तर आहे की’ म्हणतात, आणि या पाच गोष्टी गेल्यात हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

मग पैसे दिले की आवड वाढते की कमी होते? यावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग एका लाकडी कोड्यावर झाला. सोमा नावाच्या या कोड्यात सात तुकडे असतात. सहा तुकडे प्रत्येकी चार छोट्या ठोकळ्यांचे आणि एक तीन ठोकळ्यांचा, एकूण सत्तावीस. ते नीट जुळवले तर तीन बाय तीन बाय तीनचा घन होतो, किंवा दिलेल्या चित्रासारखे आकार करता येतात. हात थांबत नाहीत असा हा प्रकार आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांना ही कोडी तीन बैठकांत सोडवायला दिली. दुसऱ्या बैठकीत एका गटाला प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर मिळाला, दुसऱ्या गटाला काहीच नाही. तिसऱ्या बैठकीत पुन्हा कुणालाच पैसे नव्हते.

प्रयोगाची खरी खुबी मधल्या आठ मिनिटांत होती. प्रयोग घेणारा काहीतरी कारण सांगून खोलीबाहेर जायचा. टेबलावर कोडं असायचं आणि मासिकंही असायची. विद्यार्थ्याने काय करावं हे त्याच्यावर सोडलेलं होतं. कुणी बघत नाही असं वाटत असताना माणूस कोडं किती वेळ हातात घेतो, हे एकतर्फी काचेमागून सेकंदांत मोजलं. पैसे मिळालेल्या गटाचा वेळ पैशाच्या बैठकीत वाढला, आणि पैसे थांबताच पहिल्या बैठकीपेक्षाही खाली आला. पैसे न मिळालेल्या गटाचा वेळ तिसऱ्या बैठकीत कमी झाला नाही. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात माणसं फक्त २४ होती, त्यामुळे एवढ्यावर कुणी ठाम बोलू नये. दोन वर्षांनी अशीच गोष्ट तीन ते पाच वर्षांच्या मुलांत दिसली. स्केचपेनने चित्रं काढली तर सोनेरी तारा लावलेलं प्रमाणपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात त्या पेनांकडे इतर मुलांच्या निम्म्यानेच वळली. तेच प्रमाणपत्र न सांगता, चित्र झाल्यावर मिळालं होतं त्या मुलांची गोडी शाबूत होती.

१९९९ मध्ये अशा १२८ प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला. त्यावर वाद आजही आहेत, पण कामाचा भाग असा. आधी कबूल केलेलं आणि ‘हे केलंस तर ते देईन’ असं बांधलेलं बक्षीस आवडीच्या कामातली गोडी कमी करतं. अनपेक्षित बक्षीस ती कमी करत नाही. मनापासूनची, नेमकी शाबासकी मोठ्या माणसांत ती वाढवते. आणि मुळात कंटाळवाण्या कामाला हे लागूच नाही, कारण जिथे गोडी नाही तिथे कमी काय होणार? ‘पैशाने आवड मरते’ असं सरसकट सांगणारे हे शेवटचं वाक्य गाळतात. त्याचा फायदा कमी पगार देणाऱ्यांना होतो, म्हणून ते लक्षात ठेवायला हवं.

पगार वाढला की समाधान किती वाढतं, याचंही मोजमाप झालंय. २०१० मध्ये ९२ नमुन्यांतली आकडेवारी एकत्र केल्यावर पगाराची रक्कम आणि कामातलं समाधान यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती एकत्र हलतात याचा आकडा, जास्तीत जास्त १) ०.१५ निघाला. सहसंबंधाचा वर्ग केला की एका गोष्टीतला किती फरक दुसरीशी जुळतो ते कळतं, आणि ०.१५ चा वर्ग होतो सुमारे ०.०२. समाधानातला दोन टक्के फरक पगाराच्या रकमेशी जुळतो, बाकीचा अन्य गोष्टींशी. मात्र हे हिशोब बहुतांशी नियमित पगार मिळणाऱ्यांचे आहेत. ज्या घरात वीस तारखेलाच डबे रिकामे होतात तिथे हा आकडा घेऊन जाणं क्रूरपणाचं आहे.

रकमेपेक्षा तुलना जास्त झोंबते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचे पगार एका संकेतस्थळावर जाहीर झाले, तेव्हा अर्थशास्त्रज्ञांनी काही जणांना त्याची माहिती मुद्दाम दिली आणि काहींना दिली नाही. माहिती मिळालेल्यांपैकी आपल्या विभागाच्या मधल्या पगारापेक्षा कमी मिळवणारे नाराज झाले आणि दुसरी नोकरी शोधण्याच्या विचारात पडले. जास्त मिळवणाऱ्यांच्या समाधानात मात्र भर पडली नाही. पगारातला अन्याय आवडीचं काम नकोसं करू शकतो, पण शेजाऱ्यापेक्षा चार पैसे जास्त मिळाल्याने नावडतं काम आवडीचं होत नाही.

आवडीचा प्रश्न पदनामावरून सुटतो असंही नाही. एमी व्झेस्निव्हस्की आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये १९६ कर्मचाऱ्यांना तीन माणसांची वर्णनं वाचायला दिली: एक पोटापाण्यासाठी काम करणारा, दुसरा बढतीकडे डोळे लावलेला, तिसरा काम हेच आयुष्याचं अंग मानणारा. ‘यांतला तुमच्यासारखा कोण?’ असं विचारलं. एकाच हुद्द्यावरच्या २४ प्रशासकीय सहायकांत हे तिन्ही प्रकार जवळजवळ समसमान निघाले. नंतर एका इस्पितळातल्या सफाई कामगारांच्या मुलाखतींतही तेच दिसलं. काही जण नेमून दिलेली फरशी पुसून निघायचे. काही जण नातेवाइकांना रस्ता दाखवायचे, रुग्णांशी दोन शब्द बोलायचे. बेशुद्ध रुग्णांच्या विभागातली एक बाई भिंतीवरची चित्रं अधूनमधून या खोलीतून त्या खोलीत हलवायची. रुग्णांना त्या बदलाने कदाचित बरं वाटेल, असं तिला वाटायचं.

पण सगळं माणसाच्या वृत्तीवर ढकलणं चूक आहे, कामाची घडणही मोजता येते. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात त्यासाठी एक सूत्र दिलं. पाच गोष्टींना १ ते ७ गुण द्यायचे: कामातली विविधता, काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातून होणं, त्याचा लोकांना उपयोग, आपल्या मर्जीने ठरवण्याची मोकळीक, आणि काम कसं झालं हे कळणं. पहिल्या तिन्हींची सरासरी काढायची, तिला मोकळिकीने गुणायचं आणि मग ‘कळण्या’ने.

समजा, विमा कंपनीत दावे तपासणारी कर्मचारी आहे. विविधता ३, पूर्णत्व २ (कारण तिच्याकडे दाव्याचा एकच कागद येतो), उपयोग ७. सरासरी ४. मोकळीक २, कळणं २. उत्तर १६. साहेबांनी ‘आपण समाजाची सेवा करतोय’ असं भाषण केलं तर काही बदलत नाही, उपयोगाचे गुण आधीच ७ आहेत. टेबलं आलटूनपालटून देऊन विविधता ६ केली तर सरासरी ५ आणि उत्तर २०. पण तिने मंजूर केलेल्या दाव्याचं पुढे काय झालं हे तिला दर आठवड्याला कळू लागलं आणि कळण्याचे गुण ५ झाले, तर ४ गुणिले २ गुणिले ५, म्हणजे ४०. त्यात मोकळीक ४ झाली की ८०. नंतरच्या अभ्यासांत गुणाकाराऐवजी साध्या बेरजेनेही तितकाच चांगला अंदाज येतो असं दिसलं, म्हणून हे आकडे तापमापीसारखे धरू नयेत. पाच घटक मात्र टिकलेत.

‘कळण्या’चा जोर अ‍ॅडम ग्रँट यांच्या २००७ च्या प्रयोगात दिसतो. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची गाठ त्याच पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी घालून दिली. भेट पाच मिनिटांची होती. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. पगार तोच होता.

काम जिवाभावाचं वाटण्याची एक दुखरी बाजूही आहे. अमेरिका-कॅनडातल्या प्राणिसंग्रहालयांत काम करणाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात, ज्यांना आपला जन्मच या कामासाठी झालाय असं वाटत होतं ते पगार, सुट्टी आणि आराम सोडायला जास्त तयार होते. त्यांच्या या निष्ठेचा व्यवस्थापन गैरफायदा घेईल, अशी धास्तीही त्यांनाच अधिक होती. आपल्याकडे आशा कार्यकर्तींना २००५ पासून ‘स्वयंसेविका’ म्हटलं जातं. दारोदार फिरून बाळंतपणं आणि लसीकरणाच्या नोंदी सांभाळणाऱ्या बाईला वेतनाऐवजी मोबदला आणि मानधन मिळतं. मान शब्दात असून भागत नाही, तो रकमेतही हवा. सेवाभाव हे पगार कमी ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही.

आपल्या नोकरीत काही हलवता येतं का, हे बघायचं असेल तर एक सराव आहे. एका कागदावर आपली कामं चौकोनांत मांडायची: जास्त वेळ खाणारी मोठ्या चौकोनात, मधली मध्यम, थोड्या वेळाची लहान. आठवणीवरून मांडू नका, कारण नावडतं काम खरं असतं त्यापेक्षा मोठं आठवू शकतं. दोन आठवडे वहीत वेळ टिपा आणि मग चौकोन काढा. दुसऱ्या कागदावर तीच कामं हवी तशी मांडा, पण चौकोनांचं एकूण क्षेत्रफळ तेवढंच ठेवा. बहुतेकांचं इथेच बिघडतं: आवडीचं काम वर चढवलं जातं, खालचं काहीच निघत नाही, आणि तीन महिन्यांत माणूस दोन्हींना कंटाळतो. एखादा चौकोन लहान करायचा तर ते काम कुणाकडे जाईल, किती वेळा कमी होईल, कोणत्या तक्त्याने लवकर उरकेल, हे त्याच्याशेजारी लिहा. सहा आठवड्यांनी पुन्हा वही भरून तिसरा कागद काढा. जो चौकोन जागचा हलला नसेल, वरिष्ठांशी बोलताना नेमका तोच पुढे ठेवा.