फील्ड डे (हौशी रेडिओ)

उत्तर अमेरिकेतील हौशी रेडिओचालक, म्हणजे ‘हॅम’, दरवर्षी जूनच्या चौथ्या पूर्ण शनिवार-रविवारी बागेत, मैदानात किंवा टेकडीवर तात्पुरती रेडिओ केंद्रे उभारतात आणि जमेल तितक्या दुसऱ्या केंद्रांशी संपर्क साधतात. या उपक्रमाला फील्ड डे म्हणतात. १९१४ साली स्थापन झालेली अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था तो भरवते. पहिला फील्ड डे १९३३ च्या जूनमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हौशी प्रक्षेपणच बंद होते, तेवढा काळ खंड पडला.

वीज गेली, टेलिफोन बंद पडला, तरी संदेश पोचवता यावा, हा त्यामागचा जाहीर हेतू. म्हणून केंद्रे बॅटरीवर, जनरेटरवर किंवा सौरपट्ट्यांवर चालवली जातात. आवाजी संपर्काला १ गुण, मोर्स किंवा डिजिटल संपर्काला २. ५ वॅट किंवा त्याहून कमी शक्तीवर, बॅटरीसारख्या स्रोतातून काम केले तर संपर्कांच्या गुणांची पाचपट. वेळ शनिवारी १८:०० ते रविवारी २०:५९ (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ). आधी मांडामांड करणाऱ्यांना त्यातले सलग २४ तासच मिळतात. शनिवारी १८:०० नंतर पहिली खुंटी ठोकणाऱ्यांना मात्र पूर्ण काळ. ही स्पर्धा नाही असे सांगितले जाते, पण गुण मोजले जातात आणि निकालही छापला जातो. शेजारच्या क्लबाचा आकडा कोणी पाहत नाही, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

आपत्तीची तालीम हे कारण खरेच. पण या दोन दिवसांत सर्वांत जास्त शिकतात ती मुले. नियमही त्यांना बोलावतात. सार्वजनिक जागी केंद्र मांडले, माहितीचे टेबल लावले, तर जादा गुण आहेत. १८ वर्षांपर्यंतच्या मुलाने किंवा मुलीने एक संपर्क पूर्ण केला की क्लबाला २० गुण मिळतात, असे कमाल १००. शिवाय मोठ्या केंद्रांना ‘गोटा’ नावाचे एक वेगळे केंद्र लावता येते. ‘गेट ऑन द एअर’ या शब्दांची ही आद्याक्षरे. तिथे नवशिके, बरीच वर्षे रेडिओला हात न लावलेले आणि परवाना नसलेले लोक बसतात. परवाना नसलेल्याच्या शेजारी परवानाधारक असावाच लागतो आणि प्रक्षेपणाची जबाबदारी त्याची असते.

शिकणे माइकच्या बरेच आधी, तारेपासून सुरू होते. सर्वांत सोपी अँटेना म्हणजे द्विध्रुव: मधोमध तोडलेली तार आणि तिथे जोडलेली केबल. तिची लांबी अर्ध्या तरंगलांबीएवढी ठेवतात; ती मीटरमध्ये काढायला १५० ला मेगाहर्ट्झने भागायचे. प्रत्यक्षात तार त्याहून सुमारे ५ टक्के आखूड लागते, म्हणून १४३ धरतात. ७.१ मेगाहर्ट्झसाठी २० मीटरच्या आसपास. जाणते लोक मुलांना तार थोडी लांबच कापायला लावतात, कारण छाटता येते, वाढवता येत नाही. मग बेचकी निघते. वजन बांधलेला बारीक दोरा उंच फांदीवरून पलीकडे मारायचा, त्याला जाड दोरी बांधायची आणि दोरीने तार वर ओढायची. पहिला नेम बहुधा चुकतो. परावर्तित, म्हणजे अँटेनाकडून परत येणारी शक्ती दाखवणारा काटा पाहत टोके छाटताना सूत्र आणि झाड यांचे जुळेपर्यंत कोणाची तरी मान दुखतेच.

माइकसमोर बोलायचे असते ते अगदी मोजके: समोरच्याचे संकेतनाम (परवान्याबरोबर मिळालेली अक्षरे-आकड्यांची ओळख), आपले संकेतनाम, केंद्राचा वर्ग आणि विभाग. ‘थ्री अल्फा, कनेक्टिकट’ म्हणजे एकाच वेळी प्रक्षेपण करू शकणारे तीन संच असलेले, क्लबाने मैदानात मांडलेले कनेक्टिकटचे केंद्र. एवढे वाक्यही पहिल्यांदा घशातून निघत नाही. घरी तोंड बंद न ठेवणारे मूल बटण दाबताच मुके होते. हॅम मंडळी याला ‘माइक फ्राइट’ म्हणतात, आणि त्यावर कागदावर वाक्य लिहून देण्यापलीकडे उपाय नाही. खरखरीतून अनोळखी माणूस आपले संकेतनाम बरोबर उच्चारून उत्तर देतो, की पुढचा संपर्क मूल स्वतःच मागते.

रात्र हा वेगळाच वर्ग. दिवसा १४ मेगाहर्ट्झवर लांबची केंद्रे मिळतात, तर ३.५ मेगाहर्ट्झवर फारसा पल्ला गाठता येत नाही, कारण आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि त्याच बँडवर शेकडो किलोमीटरांवरचे आवाज येऊ लागतात. तंबूत जागलेल्या मुलाला हे पुस्तकातून समजावावे लागत नाही. काही क्लब लपवलेला छोटा प्रक्षेपक शोधायचा खेळही ठेवतात; त्यासाठीची दिशादर्शी अँटेना पीव्हीसी नळी आणि पोलादी मोजपट्टीचे तुकडे वापरून तासा-दोन तासांत बनते.

अमेरिकेत परवान्याला वयाची अट नाही आणि फेब्रुवारी २००७ पासून मोर्सची परीक्षाही नाही. भारतात १२ वर्षांवरील मुलांना परीक्षा देऊन परवाना मिळतो. संकेतनामाची व्हीयू-२ ही सुरुवात सामान्य श्रेणीची, व्हीयू-३ मर्यादित श्रेणीची. फील्ड डे सुरू होतो तेव्हा इथे शनिवारी रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. पुण्या-मुंबईच्या हॅमशी झालेला संपर्क अमेरिकन केंद्राच्या खात्यात धरला जातो. इथल्या केंद्राला मात्र प्रवेशिका पाठवता येत नाही. गोटावरच्या परवाना नसलेल्या मुलाला तर भारतीय केंद्राशी बोलताच येत नाही, कारण अशा ‘तिसऱ्या व्यक्ती’च्या संभाषणाला दोन देशांत करार लागतो आणि अमेरिकेचा तो भारताशी नाही.

हा उपक्रम तारीख न बदलता महाराष्ट्रात आणणे अवघड आहे. जूनच्या अखेरीस शाळा उघडलेल्या असतात, मैदानात चिखल असतो, आणि विजा कडाडत असताना झाडावर तार चढवू नये. तेच सामान एप्रिल-मेच्या सुटीत आमराईत सहज मांडता येईल, बेचकी तर मुलांकडे तयारच असते.