बसवेश्वरांचा पुतळा, सिद्धरामांचं नाव आणि सोलापूरचा लिंगायत समाज

बसव जयंतीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, सोलापूरच्या कोंतम चौकात महात्मा बसवेश्वरांच्या पुतळ्याला हार घालायला सगळ्या पक्षांचे पुढारी येतात. त्या दिवशी कुणाचीच तक्रार नसते. पण पुतळा, स्मारक किंवा नामकरण असा विषय निघाला की हेच शहर तापतं. 2017 ते 2019 या काळात सोलापूर विद्यापीठाच्या नावावरून ते सगळ्यांनी पाहिलं. बाहेरच्या माणसाला ही लिंगायत आणि धनगर या दोन समाजांची रस्सीखेच वाटते. तिची मुळं मात्र साडेआठशे वर्षं खोल आहेत, आणि आपला धर्म वेगळा आहे ही लिंगायतांमधल्या मोठ्या गटाची धारणा समजून घेतल्याशिवाय ती दिसत नाहीत.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यापासून करावी लागते. बाराव्या शतकात ते कलचुरी राजा बिज्जळाचं ठाणं होतं. बागेवाडीत जन्मलेले आणि कूडलसंगमला शिकलेले बसवण्णा, म्हणजेच बसवेश्वर, इथे हिशेबनीस म्हणून लागले आणि पुढे राजाच्या भांडाराच्या प्रमुखपदापर्यंत चढले. बिज्जळाने कल्याणची गादी घेतल्यावर तेही कल्याणला, आजच्या बसवकल्याणला गेले. तिथल्या अनुभव मंटपात, म्हणजे त्यांच्या धर्मचर्चेच्या सभेत, चांभार, परीट, नावाडी, दोर वळणारे, स्त्रिया असे सगळे एका पातळीवर बसून बोलू लागले. गळ्यात इष्टलिंग, म्हणजे प्रत्येकाने स्वतः पुजायचं छोटं शिवलिंग, आलं, त्यामुळे देऊळ आणि पुजारी या दोघांचीही गरज उरली नाही. मग चांभार हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी लागलं. परंपरा सांगते, की राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला. कल्याणात रक्त सांडलं, बिज्जळ मारला गेला आणि शरण, म्हणजे बसवण्णांच्या वाटेवरचे भक्त, दाही दिशांना पांगले. आजच्या प्रत्येक वादाच्या तळाशी ही जखम आहे असं मला वाटतं.

सोलापूरचे सिद्धराम, म्हणजेच सिद्धेश्वर, याच काळातले. त्यांची वाट मात्र निराळी होती. त्यांनी तलाव खोदवला, गावाभोवती 68 लिंगं स्थापन केली, लोकांना कामाला लावलं. अनुभव मंटपाचे अध्यक्ष अल्लमप्रभू त्यांना भेटले, बाहेरच्या बांधकामापेक्षा आतल्या साधनेकडे वळवलं आणि कल्याणला घेऊन गेले, अशी कथा आहे. तिथे बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून त्यांना लिंगदीक्षा, म्हणजे इष्टलिंग धारण करण्याची दीक्षा, मिळाली. तलावातल्या देवळात त्यांची समाधी आहे. दर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात, 68 लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात. बाराबंदी हा पांढरा पारंपरिक अंगरखा घालून नंदीध्वज पेलणाऱ्यांत आणि अक्षता टाकणाऱ्यांत अनेक जातींची माणसं असतात. म्हणून सिद्धेश्वर हे लिंगायतांचे शरण आहेत आणि साऱ्या शहराचं ग्रामदैवतही आहेत. नामकरणाच्या वादात नेमकी हीच दुहेरी ओळख पणाला लागली.

पुतळ्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे. बसवण्णांच्या एका प्रसिद्ध वचनाचा, म्हणजे छोट्या कन्नड काव्याचा, आशय असा: श्रीमंत लोक शिवालय बांधतील, मी गरीब काय करू? माझे पाय खांब, देह देऊळ, शिर सोन्याचा कळस. स्थावराला, म्हणजे एका जागी उभं असलेल्याला, नाश आहे; जंगमाला, म्हणजे चालत्याबोलत्याला, नाही. असं सांगणाऱ्या माणसाला चौथऱ्यावर उभं करायचं की नाही, यावर अनुयायांमध्येच आस्थेने चर्चा होते. करायचं ठरलं तर रूप कोणतं द्यायचं? गावोगाव दिसतात ते बिज्जळाचे मंत्री म्हणून घोड्यावर बसलेले बसवण्णा. अनेकांना हातात इष्टलिंग घेतलेले शरण हवे असतात. माझा कौल या दुसऱ्या रूपाला आहे, कारण त्या माणसाचं खरं सामर्थ्य तिथे होतं. असं असलं तरी 2003 साली संसदेच्या आवारात आणि 2015 साली लंडनमध्ये थेम्सकाठी त्यांचा पुतळा उभा राहिला तेव्हा सोलापूरच्या घराघरांत जो आनंद झाला, तो समजण्यासारखा आहे. आपला माणूस जगाने ओळखला, ही ती भावना होती.

ओळखीचा कायदेशीर भाग अजून अधांतरी आहे. 1904 साली स्थापन झालेल्या वीरशैव महासभेने सुरुवातीला समाज हिंदू असल्याचीच भूमिका घेतली होती. पंचपीठांची, म्हणजे पाच मुख्य वीरशैव मठांची, परंपरा मानणारे धर्माचा उगम त्या पीठांच्या संस्थापक पंचाचार्यांकडे नेतात, तर बसववादी तो बसवण्णांकडे. सोलापुरात होटगी मठाचा मोठा भक्तवर्ग आहे आणि वचनं वाचणारे बसववादीही आहेत. अनेकदा एकाच घरात दोन्ही मतं नांदतात. 2014 मध्ये जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि लिंगायतांच्या स्वतंत्र धर्माच्या मागणीला धार आली. 2017 मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकात मोठे मोर्चे निघाले. मार्च 2018 मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने लिंगायतांना वेगळा धर्म मानण्याची नागमोहन दास समितीची शिफारस स्वीकारली, पण केंद्राने मान्यता दिली नाही.

विद्यापीठाचा वाद पेटला तो नेमका याच हवेत. एका जिल्ह्यापुरतं असलेलं हे विद्यापीठ 2004 साली सुरू झालं. त्याला सिद्धेश्वरांचं नाव द्यावं ही लिंगायतांची मागणी होती, तर धनगर समाजाला अहिल्यादेवी होळकरांचं नाव हवं होतं. 2017 मध्ये मुख्यमंत्र्यांनी अहिल्यादेवींच्या नावाची घोषणा केली, विरोधात आंदोलनं झाली आणि 2019 मध्ये नामविस्तार झाला. सिद्धेश्वरांचं नाव बाजार समितीला, साखर कारखान्याला, मुंबईच्या रेल्वेला आधीपासून आहेच, हा युक्तिवाद खोटा नव्हता. पण विद्यापीठाला नाव मिळणं आणि रेल्वेला मिळणं यांची तोलामोलाने बरोबरी होत नाही. दुसऱ्या बाजूला, धनगर समाजाची उपेक्षाही तितकीच खरी. दु:ख याचं, की सिद्धरामांनी तलाव खोदवला आणि शिवभक्त अहिल्यादेवींनी देशभर विहिरी, घाट बांधले. पाण्यासाठी राबलेली ही दोन नावं आपण एकमेकांसमोर उभी केली.

पुतळ्यांपुरते नियम आता कडक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2013 मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर नवे पुतळे उभारायला मनाई केली. राज्याच्या मे 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जागेची कागदपत्रं, पोलिसांचा ना-हरकत दाखला, कला संचालनालयाची मंजुरी आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीची परवानगी लागते. यातून वाहतूक आणि शिल्पाचा दर्जा तपासला जातो. शेजारच्या समाजाशी आधी बोललात का, हे मात्र कोणताच रकाना विचारत नाही, आणि तो असायला हवा.

मंगळवेढ्यात बसवेश्वरांचं स्मारक व्हावं ही मागणी जुनी आहे आणि सरकारांनी ती मान्यही केली आहे. संत चोखोबांचा शेवटही याच मंगळवेढ्यात, गावकूस कोसळून झाला. स्मारकात पुतळा असेलच. त्याच्या शेजारी हरळय्या आणि मधुवरस यांची हकिकत मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत कोरलेली असावी.