बीटाचा चोथा घोड्याच्या बादलीत कसा आला

घोड्याला भिजवलेलं खायला घालतात, याचं आपल्याला नवल नाही. हरभरा किंवा हुलगे भिजवून, शिजवून तोबऱ्यात भरायचे, ही चंदीची जुनीच रीत. इंग्रजांनी तर हुलग्याला नावच घोड्यावरून दिलं. पण युरोपात आज हाडं निघालेल्या म्हाताऱ्या घोड्यापुढे जी ओली बादली ठेवतात, तिच्यात दाणा नसतो. साखर कारखान्यातला बीटाचा चोथा असतो.

१७४७ मध्ये बर्लिनच्या मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बीटातून साखर वेगळी केली. त्याचा शिष्य आखार्ड याने १८०२ मध्ये प्रशियाच्या सायलेशिया प्रांतात कारखाना चालवून दाखवला. जोर मात्र आला नेपोलियनमुळे. इंग्लंडशी चाललेल्या युद्धात समुद्रावरून येणारी उसाची साखर बंद झाली आणि १८११ मध्ये त्याने बीट लावायचा हुकूमच काढला. मागे उरायचे ओल्या चोथ्याचे ढीग. ते लवकर आंबत, म्हणून आसपासच्या गुरांनाच त्यांचा उपयोग. चोथा वाळवता येऊ लागल्यावर मग तो पोत्यांतून लांब जाऊ लागला.

आपल्याकडे उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जळतं. ते फारच काष्ठमय. बीटाच्या चोथ्यात पेक्टिन, म्हणजे सहज आंबणारा मऊ तंतू, भरपूर. घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून घोड्याला ताकद मिळते. दाणा जास्त झाला तर न पचलेलं पिष्ट तिथवर पोचून पोटशूळ उठतो, खुरांच्या आत सूज येऊन घोडा लंगडतो. चोथ्याने अंग भरतं आणि ही धास्ती बरीच कमी.

इंग्लंडात त्याआधी मान होता गव्हाच्या कोंड्याच्या गरम लापशीला. मायेचा पदार्थ, पण कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडं. निव्वळ कोंड्यावर पोसलेल्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांची तोंडाची हाडं सुजत. बीटात हे प्रमाण उलटं.

कोरडा चोथा पोटात फुगून घोडा फुटतो, असं तबेल्यांतून अजून सांगतात. पोट काही फुटत नाही. कोरडा घास अडकतो तो अन्ननलिकेत, आणि घोड्याला ओकता येत नाही. दात झिजलेल्या घोड्याला तर गवतही चावत नाही, तेव्हा भिजवणं आलंच. दाबलेल्या गोळ्यांना रात्रभर पाणी लागतं. आता भाजून चपटे केलेले तुकडे मिळतात, ते दहा मिनिटांत फुगतात. उन्हाळ्यात हेच बरे, कारण रात्रभर ठेवलेली बादली सकाळी आंबट वासाची निघते आणि घोडा नाक फिरवतो.