धरणाखालची गंगा

पैठणपासून नांदेडपर्यंत काठावरच्या गावांत 'गोदावरी' फारसं कुणी म्हणत नाही. गंगाच म्हणतात. 'गंगेला पाणी आलंय का?' या प्रश्नाचा अर्थ आता 'वरून सोडलंय का?' एवढाच उरलाय.

आमचं आजोळ गंगाखेडच्या बाजूचं. उन्हाळ्यात आजी पात्रातल्या वाळूत हातानं खड्डा करायची, झिरा. पहिलं पाणी गढूळ यायचं. ते वाटीनं उपसून फेकायचं, पुन्हा फेकायचं. तिसऱ्यांदा तळातून काचेसारखं पाणी पाझरायचं आणि मग आजी तांब्या भरायची. नदी वरून कोरडी, पण वाळूच्या पोटात वाहती. आता त्या जागी उघडा खडक आणि बेशरमीची झुडपं आहेत. झिरा काढायला वाळूच नाही.

वाळू गेली कुठे? हायवा ट्रक भरभरून गेली, हे सगळ्यांना दिसतं. पण नदी गेलेली वाळू दरवर्षी पुरातून परत आणून टाकायची, ते थांबलं. तेवढं चटकन दिसत नाही. नाथसागराची, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाची, पायाभरणी 1965 मध्ये झाली, लोकार्पण 1976 मध्ये. सुमारे 10 किलोमीटर लांबीची ही भिंत पुराचा वेग मारते. वेग मेला की आधी वाळू खाली बसते, मग गाळ. पुराचं पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी जाड थर दिसेल. जलाशयात हेच होतं. मग 27 दरवाजांतून बाहेर पडणारं पाणी गाळाच्या बाबतीत जवळपास रिकामं असतं. शास्त्रज्ञ त्याला 'भुकेलं पाणी' म्हणतात. वाहून न्यायची ताकद तीच, पण अंगावर ओझं नाही. मग ते पात्र आणि काठ खरवडून पोट भरतं. खाली येऊन मिळणाऱ्या सिंदफणेवर माजलगाव धरण, पूर्णेवर येलदरी-सिद्धेश्वर. तिकडची वाळूही अडलेली.

अशी नदी पुन्हा नांदती करायची तर आधी पर्यावरणीय आढावा घ्यावा लागतो. अमेरिकेत एल्व्हा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 दरम्यान पाडली. त्याचा अभ्यास 1990 च्या दशकातच झाला होता. त्यातला मोठा प्रश्न भिंत कशी फोडायची हा नव्हता. मागे साठलेल्या गाळाचं काय करायचं, हा होता. तो नदीलाच हळूहळू वाहून नेऊ द्यायचं ठरलं, माशांच्या हंगामात काम थांबवायचं ठरलं, आणि खालच्या शहराला गढूळ पाणी जाईल म्हणून आधी शुद्धीकरण केंद्र बांधलं. तरीही 2012 मध्ये गाळ-पालापाचोळ्यानं तिथली यंत्रणा तुंबलीच! तिथल्याच क्लॅमथ नदीवरची चार धरणं 2024 मध्ये पुरती हटली आणि त्याच ऑक्टोबरात सामन मासे वरच्या ओढ्यांत पोचले.

आपल्याकडे जायकवाडी पाडा म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतील, आणि बरोबरच आहे. छत्रपती संभाजीनगर आणि जालना त्यावर पाणी पितात. शिवाय नाथसागर हे 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर पेरणी, म्हणजे गाळपेर होते. पन्नास वर्षांत धरणाभोवतीही एक जग उभं राहिलंय. प्रामाणिक आढाव्यात तेही मोजावं लागेल. म्हणून इथला प्रश्न पाडण्याचा नाही, सोडण्याचा आहे: किती, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी.

थोडं गणित करू. नदीत वर्षभर 350 क्युसेकची (सेकंदाला 350 घनफूट) धार ठेवायची म्हटली तर 11 टीएमसी (अब्ज घनफूट) लागतात. नाथसागराचा जिवंत, म्हणजे वापरता येणारा साठा सुमारे 76 टीएमसी. म्हणजे सातवा हिस्सा गेला. दुष्काळी वर्षात हे मागायची माझी तरी हिंमत नाही. पण 3,500 क्युसेक फक्त तीन दिवस सोडले तर? 0.9 टीएमसी. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण माशांसाठी दोन्हींत मोठा फरक आहे. मृगाच्या पहिल्या लोंढ्यात पाणी गढूळतं, चढतं, गार होतं, आणि हीच खूण ओळखून चढणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट निघतात. संथ धारेत ती खूण नसते. अडचण अशी की जूनमध्ये धरणाचाच तळ दिसत असतो. आणि सोडलेलं पाणी आपेगाव, हिरडपुरीच्या बंधाऱ्यांत अडलं तर तीन दिवसांचा पूर तिथेच संपला. धरणाबरोबर या बंधाऱ्यांचे दरवाजेही एकाच वेळी उघडायला हवेत.

हे अशक्य नाही. धर्माबादच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे असतात. दरवाजे तारखेवर चालू शकतात, फक्त ती तारीख महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन राज्यांच्या वाट्यासाठी आहे, नदीसाठी नाही. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याच्या समन्यायी वाटपाचंही तसंच: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के साठा आहे की नाही यावर नगर-नाशिकशी दरवर्षी भांडण. वरून धरणात किती आलं याचा हिशेब काटेकोर; भिंतीखाली नदीसाठी किती गेलं, ते कुणी विचारत नाही.

उत्तरेतल्या गंगेसाठी 2018 मध्ये केंद्रानं नियम केला: हरिद्वारपर्यंतच्या पट्ट्यात हिवाळ्यात सरासरी प्रवाहाच्या 20 टक्के, पावसाळ्यात 30 टक्के पाणी वाहतं ठेवायचं. आमच्या गंगेला तो लागू नाही. नाव एक असून उपयोग काय!

आढाव्याचं पहिलं प्रकरण मात्र पूर्वस्थितीचं, म्हणजे धरणाआधी नदी कशी होती याचं असतं, आणि तिथेच आपण अडतो. पर्यावरणीय मूल्यांकनाची अधिसूचना 1994 ची, तोवर धरण भरून अठरा वर्षं झाली होती. कुठल्या डोहात कोणता मासा, चढण कोणत्या नक्षत्रात, वाळू किती पुरुष खोल, हे पैठण-शहागडच्या जुन्या भोई मंडळींना ठाऊक आहे. 1965 मध्ये विशीत जाळं टाकणारा माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे.