अभिवृत्तीमापन : मधल्या चौकटीचा वाद

अभिवृत्ती, म्हणजे एखाद्या गोष्टीविषयी माणसाचा अनुकूल-प्रतिकूल कल, मोजता येते, असा दावा अमेरिकेत १९२८ साली जाहीरपणे मांडला गेला. त्या वेळची पद्धत भलतीच किचकट होती. चर्चविषयीची १३० विधाने काहीशे परीक्षकांनी अनुकूल ते प्रतिकूल अशा अकरा गठ्ठ्यांत लावायची आणि त्यांतून ४५ निवडायची. १९३२ मध्ये परीक्षकांना रजा देणारी पंचबिंदू श्रेणी आली : विधानाला पूर्ण सहमतीपासून पूर्ण असहमतीपर्यंत १ ते ५ गुण द्यायचे आणि शेवटी बेरीज करायची. स्वस्त आणि सोपी, म्हणून आजतागायत तीच चालते.

भांडण आहे ते मधल्या, म्हणजे ३ गुणांच्या चौकटीचे. मूळ श्रेणीत तिथे ‘अनिश्चित’ होते. पुढे कुणी ‘तटस्थ’ छापले, कुणी ‘सांगता येत नाही’, आणि गुण मात्र तिन्हींना ३. ज्याचे मत ठरलेले नाही, ज्याला दोन्ही बाजू पटतात आणि ज्याला प्रश्नच कळला नाही, असे तिघेही एकाच आकड्यात बसतात. बेरजेत तर आणखी गोंधळ. वीस विधानांना सरसकट ३ देणाऱ्याचे ६० होतात. दहांना ५ आणि दहांना १ देणाऱ्याचेही ६०च. ही चौकट काढून टाकावी म्हणणारे चार पर्याय देतात, पण मग मत नसलेल्यालाही कुठल्या तरी बाजूला ढकलावे लागते. निदान तिच्यावर ‘तटस्थ’ छापून ‘माहीत नाही’ची सोय वेगळी करायला काय हरकत होती? अनेक प्रश्नावल्यांत आजही ती नसते.

लोक लिहितात एक आणि वागतात दुसरे, हा आक्षेप तसा जुनाच. १९३० पासून एक समाजशास्त्रज्ञ चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर फिरला. २५१ हॉटेले-उपाहारगृहांपैकी नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. नंतर पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असे कळवले.

त्यावर तोडगा म्हणून १९९८ मध्ये मत न विचारता प्रतिक्रियाकाळ मोजणारी संगणकीय चाचणी आली. शब्द आणि चेहरे पडद्यावर येतात, तुम्ही दोन कळा दाबत राहायचे. मनात ज्यांची सांगड घट्ट, त्यांना एकच कळ असली की बोट लवकर चालते; वेळेतल्या या फरकावरून गुण काढतात. २००३ च्या सुधारित गुणांकनात दहा सेकंदांहून जास्त वेळ घेतलेले प्रतिसाद गाळले जातात. पण त्याच व्यक्तीने काही दिवसांनी पुन्हा चाचणी दिली, तर दोन गुणांतला सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच नाही) साधारण ०.५ एवढाच भरतो. एकट्या माणसाविषयी निष्कर्ष काढायला तो अपुरा आहे. शून्याच्या अलीकडे-पलीकडे ०.१५ पर्यंतचा गुण ‘कल नाही’ धरतात. ही रेषा नेमकी तिथेच का, यावरून पुन्हा वाद आहेच.