ल्होत्शाम्पा आंदोलन (भूतान, १९९०)

नागरिकत्वाचा कायदा, जनगणना आणि पोशाखाची सक्ती यांच्याविरोधात दक्षिण भूतानमधील नेपाळीभाषक लोकांनी केलेले आंदोलन. ‘ल्होत्शाम्पा’ या झोंखा (भूतानची राष्ट्रभाषा) शब्दाचा अर्थ दक्षिणेकडचे लोक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे शेतकरी तराईलगतच्या डोंगरउतारांवर जंगल तोडून वसले होते. १९५८च्या कायद्याने त्यांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला.

१९८५च्या कायद्याने तो अरुंद केला. आता जन्माने नागरिक ठरायला आई-वडील दोघेही भूतानी असणे आवश्यक झाले. इतरांनी ३१ डिसेंबर १९५८ रोजी किंवा त्यापूर्वी आपण देशात राहत होतो हे सिद्ध करायचे होते. १९८८ची जनगणना फक्त दक्षिणेत काटेकोरपणे झाली. तीत लोकांची ‘एफ-१’ (अस्सल भूतानी) ते ‘एफ-७’ (परकीय) अशी सात गटांत विभागणी झाली. अधिकारी १९५८ सालचीच शेतसाऱ्याची पावती मागत. तीस वर्षांपूर्वीचा तो कागद अडाणी शेतकऱ्याच्या घरात जपून ठेवलेला असेल, ही अपेक्षाच अन्यायाची होती. एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या गटांत गेली.

१९८९मध्ये राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या ‘एक राष्ट्र, एक लोक’ धोरणानुसार ‘द्रिग्लाम नामझा’ ही आचारसंहिता सर्वांवर लागू झाली. पुरुषांना घो आणि स्त्रियांना किरा हे भूतानी पारंपरिक पोशाख घालणे सक्तीचे झाले आणि शाळांतून नेपाळी भाषा हटली. यामागे नेपाळीभाषकांचे बळ वाढून देश हातून जाईल, ही राज्यकर्त्यांची भीती होती. १९७५मध्ये नेपाळी बहुसंख्य असलेले सिक्कीम भारतात विलीन झाले होते आणि शेजारच्या दार्जिलिंगमध्ये नेपाळीभाषकांच्या वेगळ्या राज्यासाठी गोरखालँडची चळवळ पेटली होती. ही भीती खरी असली, तरी तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांचा तिच्याशी फारसा संबंध नव्हता.

जनगणनेबद्दल राजांकडे अर्ज करणारे शाही सल्लागार टेकनाथ रिझाल यांना आधी पद गमवावे लागले. १९८९मध्ये ते नेपाळमध्ये पकडले गेले आणि पुढची सुमारे दहा वर्षे भूतानच्या तुरुंगात राहिले. सप्टेंबर-ऑक्टोबर १९९०मध्ये समत्से, चिरांग, सरपांग आदी जिल्ह्यांत हजारो लोक मोर्चात उतरले. काही ठिकाणी हिंसाही झाली. सरकारने त्यांना ‘ङोलोप’ म्हणजे देशद्रोही ठरवले. अटका आणि छळ सुरू झाला, शाळा बंद पडल्या. ‘स्वेच्छेने देश सोडत आहोत’ अशा मजकुराच्या अर्जांवर अनेकांच्या सह्या जबरदस्तीने घेतल्या गेल्या.

लाखाच्या आसपास लोक, म्हणजे देशाचा सुमारे सहावा हिस्सा, बाहेर पडले. भारतातून मेची नदीपलीकडे नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतील छावण्यांत ते वसले. नेपाळ-भूतान चर्चेच्या अनेक फेऱ्या झाल्या, पण एकही कुटुंब परत गेले नाही. २००७-०८पासून १ लाख १० हजारांहून अधिक निर्वासितांचे इतर देशांत पुनर्वसन झाले. त्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेत गेले.

२०२५मध्ये अमेरिकेने त्यांच्यातील काहींना भूतानला पाठवले. भूतानने त्यांना भारताच्या सीमेवर आणून सोडले. तिथून नेपाळमध्ये शिरलेल्या काहींना नेपाळी पोलिसांनी ताब्यात घेतले.